पांजरपोळापासून दत्तकापर्यंत : निराश्रित पशूंच्या आश्रयाचा शब्दैतिहासिक मागोवा

हिंजवडी व तिच्या लगतची माण, मारुंजी ही गावे यांच्या परिसरात एकाच प्राण्यास आज निदान चार नावे आहेत. मूळचा ग्रामस्थ त्यास 'गावठी कुत्रे' म्हणतो. नव्या गृहसंकुलात राहावयास आलेला नोकरदार त्याच कुत्र्यास 'इंडी' म्हणतो. वृत्तपत्रांच्या आणि नगरसंस्थांच्या भाषेत ते 'भटके', 'मोकाट' अथवा 'बेवारस' असते. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी त्याची गणना 'सामुदायिक प्राणी' या वर्गात केली आहे. मात्र हेच कुत्रे एखाद्या आश्रयगृहातून कोणी घरी नेले, म्हणजे ही सर्व नावे मागे पडतात आणि त्या व्यवहारास सर्वांच्या तोंडी एकच शब्द येतो, तो म्हणजे 'दत्तक'. हा शब्द येथे कोठून आला, तो येण्यापूर्वी मराठी मुलखात निराश्रित पशूंची व्यवस्था कोणत्या शब्दांनी व कोणत्या संस्थांनी होत असे, आणि शब्दाच्या पूर्वार्थातील कोणता अंश आज टिकून आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'दत्तक' हा 'दा' म्हणजे देणे या धातूपासून झालेला आहे; दत्तक म्हणजे दिलेला. इंग्रजीत या व्यवहारास जो शब्द आहे तो लॅटिनमधील 'निवडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. दोन्ही भाषांनी एकाच विधीची दोन भिन्न टोके धरली आहेत. लॅटिनची दृष्टी घेणाऱ्याच्या इच्छेवर आहे, तर संस्कृतची देणाऱ्याच्या कृतीवर. मराठीने 'दत्तक घेणे' असा संयुक्त प्रयोग रूढ करून देणे आणि घेणे या दोन्ही क्रिया एकत्र आणल्या; तथापि शब्दाचे मूळ देण्यातच राहिले.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. धर्मशास्त्रात दात्यावाचून दत्तक संभवत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत माता अथवा पिता ज्यास देतात तो 'दत्त्रिम', म्हणजेच दत्तक. मातापित्यांनी टाकून दिलेल्या मुलास दुसऱ्याने पुत्र म्हणून स्वीकारले, तर तो दत्तक नव्हे. त्यास 'अपविद्ध' अशी निराळी संज्ञा आहे. आणि जो पोरका, किंवा ज्यास कारणावाचून टाकले, असा मुलगा आपण होऊन दुसऱ्यास स्वतःला अर्पण करतो, तो 'स्वयंदत्त'. पुढील निबंधकारांनी कलियुगात औरस व दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य मानले आणि अपविद्ध व स्वयंदत्त या संज्ञा ग्रंथांत राहिल्या. परिणामी, जे मूल कोणी दिलेले नाही, केवळ टाकलेले आहे, त्याच्यासाठी व्यवहारात शब्दच उरला नाही.

महाराष्ट्रात या शब्दास राजकीय इतिहासाचेही वजन आहे. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले. त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि राज्य खालसा झाले. पुढे झाशीच्या बाबतीत तेच घडले. तेव्हापासून दत्तक हा शब्द मराठी मनात वारसा, हक्क आणि त्यांची मान्यता यांच्याशी जडलेला आहे. त्याच सुमारास पुण्यात या शब्दास निराळे वळणही मिळाले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्या गृहात एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंत या मुलास पुढे पुत्र म्हणून वाढविले. येथे मूल कुळातून कुळात गेले नाही. ते एका आश्रयस्थानातून घरात आले. कायद्याने ही वाट बऱ्याच उशिरा रुंद केली. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ साली झाला. १९६२ च्या दुरुस्तीने, टाकून दिलेल्या अथवा मातापिता अज्ञात असलेल्या मुलासही न्यायालयाच्या परवानगीने पालनकर्त्यास दत्तक देता येऊ लागले. म्हणजे 'अपविद्ध' मुलास दत्तक होता येण्यासाठी आधी कोणास तरी दाता म्हणून उभे करावे लागले. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. तुलना मुलाची आणि पशूची नाही, शब्दाने स्वीकारलेल्या मार्गाची आहे.

आता पशूंकडे वळू. 'बेवारस' हा शब्दही वारशाच्याच क्षेत्रातला आहे. 'वारस' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, आणि 'बे' हा फारसी अभावदर्शक उपसर्ग. मूळ अर्थ, ज्याला कोणी वारस नाही असा. त्यावरून, ज्यावर हक्क सांगणारा कोणी नाही असा माल, असे प्रेत, असे जनावर, हा अर्थविस्तार झाला. एकाच कुत्र्याच्या पूर्वस्थितीस आपण फारसी वारसा-कायद्यातील शब्द लावतो आणि उत्तरस्थितीस धर्मशास्त्रातील, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मधली अवस्था कोणत्या शब्दाची, हा खरा प्रश्न आहे.

कुत्रे बेवारस आहे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावरून मुंबईत १८३२ साली दंगा झाला. १८१३ पासून शहरात वर्षातील ठरावीक काळात मालक नसलेली कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळू लागले. बक्षिसाच्या लोभाने पकडणारे घरांपर्यंत जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. ६ जून १८३२ रोजी पारशी रहिवाशांनी यास उघड विरोध केला, दुकाने बंद राहिली, लष्कराच्या रसदीस अडथळा झाला, आणि इतर समाजांतील लोकही त्यात सामील झाले. पारशी धर्मग्रंथांत कुत्र्याचे स्थान मोठे आहे; वेंदिदादाचा एक अध्यायच त्याच्याविषयी आहे आणि अंत्यविधीत प्रेतास कुत्र्याची दृष्टी घडविण्याची रीत आहे. परंतु धर्मभावनेइतकेच दुसरेही कारण होते. गल्लीत राहणारे, चार घरी खाणारे, कोणा एकाचे नसलेले आणि तरीही सर्वांच्या ओळखीचे कुत्रे सरकारी वर्गवारीत बसत नव्हते. सरकारच्या दृष्टीने मालक तरी असावा किंवा नसावा. गल्लीच्या दृष्टीने कुत्रे गल्लीचे होते.

या घटनेनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे सहकारी व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. ही कल्पना नवी नव्हती. गुजरातेतील अशा संस्था सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी पाहिल्या होत्या. पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये खंबायत येथील पक्ष्यांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. मुंबईत ही संस्था आली ती गुजराती व्यापाऱ्यांबरोबर, आणि शब्दही त्यांच्याचकडून आला. त्याचा पूर्वार्ध पिंजरा हा उघड आहे. उत्तरार्धाविषयी दोन मते संभवतात. गुजरातीत 'पोळ' म्हणजे एका वेशीच्या आतील वस्ती. मराठीत 'पोळ' म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला वळू. मराठी भाषकास दुसरा अर्थ जवळचा वाटला तर नवल नाही, कारण तोही कोणा एकाच्या मालकीचा नसलेला आणि साऱ्या गावाने पोसावयाचा प्राणी होय. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र पहिला अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

पांजरपोळाने पशूस मरणापासून वाचविले, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्याशी जोडलेली क्रियापदे पाहावीत. जनावर पांजरपोळात 'सोडतात', 'देतात', 'घालतात'. तेथून 'आणतात' असा प्रयोग सहसा ऐकू येत नाही. म्हातारा बैल आयुष्याच्या अखेरीपर्यंत तेथे राहावा हाच संस्थेचा हेतू होता. दान करणाऱ्यास पुण्य लाभे, जनावरास चारा मिळे, आणि दोघांचा संबंध तेथेच संपे. म्हणजे येथे देणे होते, पण घेणारी ती संस्थाच. ती पुढे कोणास देत नसे. चेंबूर आणि भोसरी येथे 'पांजरपोळ' हे आज परिसरांचेच नाव झाले आहे. जी संस्था जागेचे नाव बनते तिच्यात स्थैर्य असते. येणेजाणे तेवढे नसते.

याच्या उलट रीत कोंडवाड्याची. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने कोंडवाड्यांना निश्चित रूप दिले. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे, आणि दवंडी पिटूनही मुदतीत कोणी आला नाही तर त्याचा लिलाव व्हावा, अशी ती व्यवस्था. येथील क्रियापद 'सोडवणे' हे आहे. कोंडवाडा मालकाची वाट पाहतो आणि मालक न आल्यास त्यास ग्राहक हवा असतो. पांजरपोळात पशू दयेचा विषय होता, तर कोंडवाड्यात तो मालमत्तेचा. दोन्ही ठिकाणी त्या पशूस नवे घर शोधून देणे हे कोणाचेच काम नव्हते.

खेड्यात तशी गरजही भासत नसे. गाय विकत घेत, शेळी वाट्याने देत, कुत्र्याचे पिल्लू शेजाऱ्याकडून मागून आणीत. 'पाळणे' आणि 'पोसणे' ही क्रियापदे नात्याची आहेत, हस्तांतराची नाहीत. गावठी कुत्रे खळ्याची आणि मेंढवाड्याची राखण करी, आणि त्याच्या येण्याची कोठे नोंद होत नसे. दाराशी येऊन राहिलेल्या कुत्र्यास शास्त्रकारांनी 'स्वयंदत्त' म्हटले असते. ग्रामस्थ 'ते आपणच आले' असे म्हणत असे. दोहोंचा आशय एकच आहे.

नवे घर शोधून देणारी संस्था ही कल्पना औद्योगिक शहरातून आली. लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर काढले. ते १८७१ मध्ये बॅटरसी येथे गेले. 'तात्पुरते' हे त्याच्या नावातील विशेषणच पांजरपोळाहून असलेला भेद सांगते. मुंबईत १८७४ मध्ये पशूंवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी स्थापन झाली आणि तिच्या आश्रयाखाली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. पण रुग्णालयाचे प्रयोजन बरे करणे हे. बरे झालेले बेवारस कुत्रे पुन्हा रस्त्यावरच जावयाचे.

या प्रश्नाचा नैतिक उलगडा करण्याचा प्रयत्न १९२६ मध्ये झाला. अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातील सुमारे साठ कुत्री मारविली आणि महात्मा गांधींनी, ते अपरिहार्य होते, अशी भूमिका घेतली. त्यावर जी मोठी चर्चा झाली तीत गांधीजींचा मुख्य मुद्दा मारण्याचा नव्हताच. रस्त्यावरील कुत्र्यास भाकरीचा तुकडा टाकून पुण्य मिळविणे आणि त्याची जबाबदारी मात्र न घेणे, ही दया नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. कुत्रे ठेवावयाचे तर नीट ठेवावे. या मताशी कोणाचे जुळो वा न जुळो, पांजरपोळाच्या परंपरेत जी गोष्ट अव्यक्त होती ती त्यांनी उघड बोलून दाखविली. ती गोष्ट म्हणजे दान आणि पालन यांतील अंतर.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाच्या प्रेरणेतून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम झाला. त्यात दंडाधिकाऱ्याने पशूस पांजरपोळात पाठविण्याचा उल्लेख आहे. जुनी संस्था अशा रीतीने कायद्याच्या शब्दकोशात शिरली. २००१ च्या श्वानविषयक नियमांनी कुत्र्यांचे पाळीव आणि रस्त्यावरील असे दोनच वर्ग केले, आणि रस्त्यावरील कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यास मूळ जागी सोडावे, असे ठरविले. २०२३ च्या नियमांनी तेच धोरण पुढे नेले. यांत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दत्तक.

परंतु मराठीत हा शब्द पशूस लागण्यापूर्वी त्याच्या अर्थात एक शिथिलता येऊन गेली होती. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेमुळे महाविद्यालये 'गाव दत्तक' घेऊ लागली. पुढे झाडे, रस्त्यांमधील दुभाजक आणि शाळाही दत्तक जाऊ लागल्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्या अथवा वाघ दत्तक घेता येतो. येथे घेणारा वर्षाचा खर्च देतो आणि वाघ आपल्या जागीच राहतो. या सर्व प्रयोगांत दत्तक म्हणजे काही काळापुरते घेतलेले दायित्व. वारसा गेला, कायमपणा गेला, आणि दाता तर पूर्णच गेला; गाव कोणी 'दिलेले' नसते. आश्रयगृहातील कुत्र्यास 'दत्तक' हा शब्द मिळाला तो या दोन अर्थांच्या मध्यावर, असे अनुमान करावयास हरकत नाही. शब्दाची प्रतिष्ठा जुन्या अर्थाची आणि बंधन मात्र नव्या अर्थाइतके, अशी त्याची स्थिती आहे.

याचे परिणाम हिंजवडीसारख्या ठिकाणी स्पष्ट दिसतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले. शेतांच्या जागी कार्यालये आणि गृहसंकुले आली. राखणीचे कुत्रे ज्या खळ्याशी बांधलेले होते ते खळे गेले, कुत्रे उरले. त्याच वेळी देशभरातून तरुण नोकरदार आले. एकटेपणा, थोडी ऐपत आणि प्राण्यांविषयी खरी ओढ या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी आहेत. त्यांच्यामुळेच गावठी कुत्र्यास घरात घेण्याची रीत येथे प्रतिष्ठित झाली, हे त्यांचे श्रेय आहे. परंतु त्यांचे राहते घर बहुधा अकरा महिन्यांच्या कराराचे असते, नोकरी बदलली की शहर बदलते, आणि कुत्र्याचे आयुष्य मात्र दहा ते पंधरा वर्षांचे. अकरा महिन्यांच्या निवाऱ्यात पंधरा वर्षांचे नाते बसवावयाचे, हा येथील दत्तकाचा मूळ पेच आहे. त्यातून काही कुत्री पुन्हा रस्त्यावर येतात, आणि घरात राहिलेले कुत्रे रस्त्यावर जगण्यास जन्मतः रस्त्यावर असलेल्याहून कमी समर्थ असते. १९५६ च्या अधिनियमाप्रमाणे विधियुक्त दत्तविधान घेणाऱ्यास रद्द करता येत नाही. पशूच्या बाबतीत शब्द तोच असून हे कलम तेवढे गळाले आहे.

अशा वेळी दात्याचे महत्त्व ध्यानी येते. पुणे परिसरातील पशुसंस्था, उदाहरणार्थ बावधनचा रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, दत्तक देताना नुसते कुत्रे हवाली करून मोकळ्या होत नाहीत. अशा संस्थांची सर्वसाधारण रीत म्हणजे घेणाऱ्याची विचारपूस, घरमालकाची व कुटुंबाची संमती, लसीकरण व निर्बीजीकरण यांची हमी, काही काळ पाठपुरावा, आणि न जमल्यास कुत्रे रस्त्यावर न सोडता परत आणून देण्याची अट. ही शेवटची अट प्रथमदर्शनी दत्तकाच्या कल्पनेशी विसंगत भासते. वस्तुतः तीच त्या शब्दास अर्थ देते. तिच्यामुळे पशू पुन्हा बेवारस होत नाही. त्याच्यामागे उत्तर देणारा कोणी तरी राहतो. पांजरपोळ घेत असे पण देत नसे; कोंडवाडा देत असे, पण ज्याचे होते त्यास किंवा जो किंमत मोजील त्यास. घेऊन, सांभाळून, पारखून देणारी आणि दिल्यावरही पाहणारी संस्था ही या इतिहासातील खरी नवी गोष्ट आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांमुळे या विचारास निकड आली आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री आश्रयगृहांत हलविण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, रोगट वा हिंस्र अपवाद वगळून, मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्याच आदेशात, प्राणिप्रेमींना नगरसंस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेता येईल, परंतु ते पुन्हा रस्त्यावर न येण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असेही म्हटले आहे. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, स्थानके आदी आवारांतील कुत्री आश्रयगृहांत नेण्यास सांगितले. अशा प्रकारे आश्रयगृह आणि दत्तक या दोन्ही शब्दांवर एकाएकी मोठा भार पडला. घेणाऱ्याच्या जबाबदारीचा उच्चार या आदेशात आहे. देणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार स्थानिक संस्थांनी करावयाचा आहे. ज्या आश्रयगृहातून पशू बाहेर देण्याची व्यवस्था नाही ते, नाव काहीही असले तरी, पांजरपोळच होय. फार तर कोंडवाडा. आणि ज्या दत्तकामागे नोंद, पाठपुरावा व परतीची वाट नाही, ते शास्त्राच्या भाषेत दत्तक नव्हे. टाकलेल्यास उचलणे एवढेच ते आहे, आणि उचललेले पुन्हा टाकता येते.

शब्द बदलल्याने व्यवहार बदलत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकास कोणी सांगावयास नको. परंतु समाज एखादा जुना, जड शब्द नव्या व्यवहारासाठी निवडतो तेव्हा त्या निवडीत एक अपेक्षा व्यक्त झालेली असते. हिंजवडीतील नोकरदार 'कुत्रे आणले' असे न म्हणता 'दत्तक घेतले' असे म्हणतो, त्या वेळी तो नकळत देणाऱ्याचाही उल्लेख करीत असतो. तो देणारा प्रत्यक्षात उभा करणे, म्हणजे प्रत्येक स्थानिक संस्थेच्या क्षेत्रात दिलेल्या पशूची नोंद ठेवणारी आणि तो परत घेण्यास बांधलेली एक तरी व्यवस्था असणे, हे हिंजवडीसारख्या वेगाने वाढलेल्या गावापुढील काम आहे. तसे झाले, तर 'बेवारस' आणि 'दत्तक' या दोन शब्दांमधील जी रिकामी जागा १८३२ पासून चालत आली आहे ती भरून निघेल.